पोल लोक आणि त्यांची भूमी

पोल लोक : मध्य युरोपातील एक पश्चिम स्लाव्ह जनसमूह. त्यांची मुख्य वस्ती आजच्या पोलंडमध्ये आहे. भाषा पोलिश, लिपी रोमन, आणि बहुसंख्यांचा धर्म रोमन कॅथलिक. आपल्या देशाला ते ‘पोल्स्का’ म्हणतात. एवढ्यावर त्यांची ओळख संपायला हरकत नव्हती, पण त्यांची मायभूमी नेमकी कोणती याचे उत्तर दर दोन-तीन पिढ्यांनी बदलत आले आहे. इ. स. १०००, १६००, १८००, १९३० आणि आज असे पाच नकाशे शेजारी मांडले, तर देश पूर्वेला पसरलेला, आक्रसलेला, पश्चिमेला सरकलेला दिसतो. १८०० च्या नकाशात तर तो नाहीच.

आजच्या पोलंडचे क्षेत्रफळ सुमारे ३,१२,७०० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राहून किंचित जास्त. लोकसंख्या मात्र पावणेचार कोटींच्या आसपास, महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. देशाचा बहुतेक भाग सपाट आहे. ‘पोले’ म्हणजे शेत किंवा माळ, आणि त्यावरून शेतकरी मैदानी टोळीला ‘पोलाने’ व तिच्यावरून देशाला नाव मिळाले, ही व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे मान्य आहे. उत्तरेला बाल्टिक समुद्र, दक्षिणेला कार्पेथियन पर्वतरांग. तिच्यातल्या तात्रा पर्वतात रिसी हे २,४९९ मीटरचे देशातील सर्वोच्च शिखर. विस्वा (व्हिस्चुला) ही १,०४७ किमी. लांबीची नदी दक्षिणेच्या डोंगरांत उगम पावते आणि क्राकुफ, वॉर्सा ही शहरे ओलांडून ग्दान्स्कजवळ समुद्राला मिळते. पूर्व-पश्चिमेला मात्र सह्याद्रीसारखी पाठराखण करणारे काही नाही. जर्मनीकडून रशियाकडे आणि रशियाकडून जर्मनीकडे जाणाऱ्या सैन्यांना हे मैदान म्हणजे मोकळा रस्ताच होता.

दहाव्या शतकात पियास्त घराण्याच्या पहिल्या मिएश्कोने वार्ता नदीच्या परिसरातील टोळ्या एका सत्तेखाली आणल्या. ९६६ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. पोलिश इतिहासाची सुरुवात याच वर्षापासून मोजतात. ख्रिस्ती धर्म त्याने रोमकडून घेतला, बायझंटाइन चर्चकडून नव्हे. पोलिश भाषा रोमन लिपीत का लिहिली जाते आणि शेजारच्या रशियनांपेक्षा पोल स्वतःला वेगळे का मानतात, याचे मूळ या निवडीत आहे. जुनी राजधानी ग्न्येझ्नो. तिच्या नावात ‘घरटे’ हा शब्द दडलेला आहे. लेख नावाच्या आदिपुरुषाला तेथे पांढऱ्या गरुडाचे घरटे दिसले आणि त्याने मुक्काम ठोकला, अशी आख्यायिका आहे. राष्ट्रचिन्हावरचा पांढरा गरुड या कथेशी जोडला जातो. मिएश्कोचा मुलगा बोलेस्वाव ख्रोब्री याला १०२५ मध्ये राज्याभिषेक झाला.

११३८ मध्ये तिसऱ्या बोलेस्वावने राज्य मुलांमध्ये वाटून दिले आणि भाऊबंदकीत जवळजवळ दोन शतके गेली. याच काळात माझोव्हियाच्या कोनरादने मूर्तिपूजक प्रुशियन टोळ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी ट्युटॉनिक सरदारांच्या जर्मन संघाला बोलावले. त्यांनी टोळ्या संपवल्या आणि बाल्टिक किनाऱ्यावर स्वतःचेच राज्य थाटले. १२४१ मध्ये मंगोल स्वारी आली. क्राकुफच्या मारिया चर्चच्या उंच मनोऱ्यावरून आजही दर तासाला चारही दिशांना तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात मंगोल बाण घुसला म्हणून तो तुटतो, असे वाटाडे सांगतात. कथा बरीच अलीकडची आहे, पण तुतारी थांबते तेव्हा चौकातले लोकही क्षणभर थांबून वर बघतात.

चौदाव्या शतकात राज्य पुन्हा सांधले गेले. काझिमिएश (कारकीर्द १३३३–७०) या राजाने कायदे संकलित केले, किल्ले बांधले आणि १३६४ मध्ये क्राकुफचे विद्यापीठ स्थापन केले. पुढे कोपर्निकस तेथेच शिकला. काझिमिएशच्या पश्चात १३८६ मध्ये राणी यादविगाचा विवाह लिथुएनियाचा अधिपती यागिएवो याच्याशी झाला आणि दोन राज्ये एका छत्राखाली आली. १५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्दच्या लढाईत दोघांनी मिळून ट्युटॉनिक संघाचा कणा मोडला. १५६९ च्या लुब्लिन करारानंतर या जोडराज्याचे एक प्रजासत्ताक झाले. ऐन भरात ते बाल्टिकपासून जवळजवळ काळ्या समुद्रापर्यंत पसरले होते. त्यात पोल, लिथुएनियन, आजचे युक्रेनियन व बेलारूसी यांचे पूर्वज, जर्मन, ज्यू, आर्मेनियन आणि तातार मुसलमानही होते.

राजा असूनही राज्याला प्रजासत्ताक म्हणत, कारण राजा निवडून दिला जाई. ‘श्ल्याख्ता’ हा सरदारवर्ग लोकसंख्येच्या आठ-दहा टक्के, म्हणजे इतर युरोपच्या मानाने फारच मोठा होता. त्यातला फाटका सरदारही वॉर्साजवळच्या माळावर घोडा घेऊन येई आणि राजाच्या निवडणुकीत मत देई. १५७३ च्या वॉर्सा करारनाम्याने धर्मावरून कोणाचा छळ करायचा नाही असे ठरले, आणि तेही फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाल्यानंतर वर्षाच्या आत. हे स्वातंत्र्य श्ल्याख्तेपुरतेच होते, हे मात्र विसरू नये. ज्या राईने आणि गव्हाने ग्दान्स्क बंदर श्रीमंत झाले, ते धान्य पिकवणारा कुळवाडी वेठीला जुंपलेला होता. सेयम या संसदेत एका सभासदाने ‘मान्य नाही’ म्हटले तरी अख्खे अधिवेशन बरखास्त होई. हा नकाराधिकार १६५२ मध्ये पहिल्यांदा वापरला गेला आणि पुढे सर्रास झाला. शेजारच्या दरबारांना मग एकच सभासद विकत घेणे पुरेसे होते. १६४८ चा युक्रेनमधील कोसॅक लढवय्यांचा उठाव आणि १६५५ ची स्वीडिश स्वारी यांत देश उजाड झाला. स्वारीला पोलिशमध्ये आजही ‘महापूर’ म्हणतात. १६८३ मध्ये यान सोबिएस्कीने व्हिएन्नाचा तुर्की वेढा उठवला. ती शेवटची मोठी झळाळी.

१७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया (जर्मन राज्य) व ऑस्ट्रिया यांनी देश वाटून घेतला. मधल्या काळात सुधारकांनी ३ मे १७९१ रोजी लिखित संविधान आणले; आधुनिक काळातले युरोपातले पहिले असा त्याचा मान आहे. पण रशियन फौजांपुढे ते वर्षभरच टिकले. १७९४ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेल्या तादेउश कोश्चुश्कोने उठाव केला. राच्वावित्से येथे त्याच्या शेतकऱ्यांनी सरळ पात्याचे कोयते लावलेल्या काठ्यांनिशी रशियन तोफा काबीज केल्या. तोही उठाव फसला. पुढची १२३ वर्षे पोलंड हे राज्य नव्हते. ‘आम्ही जिवंत आहोत तोवर पोलंड संपलेला नाही’ अशा अर्थाने सुरू होणारे राष्ट्रगीत याच काळातले. ते १७९७ मध्ये इटलीत, नेपोलियनच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश पलटणीसाठी लिहिले गेले.

१८३० आणि १८६३ चे उठाव रशियाने चिरडले, हजारोंना सायबेरियात धाडले. मग झगडा भाषेवर आणि जमिनीवर आला. प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्न्या या गावात १९०१ मध्ये शाळकरी पोरांनी धर्माचा तास जर्मनमधून घ्यायला नकार दिला आणि छड्या खाल्ल्या. मिखाव द्झिमावा या शेतकऱ्याची कहाणी तर पोलंडमध्ये लहानथोरांना ठाऊक असते. १९०४ च्या प्रशियन कायद्याने पोलिश माणसाला स्वतःच्या जमिनीवरही परवान्याशिवाय घर बांधता येईना, आणि परवाना मिळेना. त्याने सर्कशीची जुनी चाकांची गाडी विकत घेतली, शेतात आणून उभी केली आणि तिच्यात संसार मांडला. चोवीस तासांपेक्षा जास्त एका जागी राहिली तर ती घर ठरणार, म्हणून तो ती रोज थोडी पुढे ढकलत राहिला. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी तो हरला; पण पुढे त्या गावालाच त्याचे नाव मिळाले. वॉर्सात रशियन अंमलाखाली पोलिश उच्चशिक्षण चोरून, घरे बदलत चाले. या ‘फिरत्या विद्यापीठा’त शिकलेली मारिया स्क्वोदोव्स्का पॅरिसला गेली आणि मारी क्यूरी झाली. १८९८ मध्ये सापडलेल्या मूलद्रव्याला तिने पोलोनियम हे नाव दिले, तेव्हा तिचा देश कोणत्याही नकाशात नव्हता.

पहिल्या महायुद्धात फाळणी करणारी तिन्ही साम्राज्ये कोसळली आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी लष्करी नेता युझेफ पिउसुद्स्कीच्या हाती वॉर्सात सत्ता आली. १९२० मध्ये वॉर्साच्या वेशीवर आलेले बोल्शेविक सैन्य परतवले गेले. नव्या देशात तीन प्रकारचे कायदे होते, रेल्वेच्या रुळांची रुंदीही सगळीकडे सारखी नव्हती. १९३१ च्या शिरगणतीत पोलिश मातृभाषा सांगणारे सुमारे ६९ टक्के होते; उरलेल्यांत युक्रेनियन, ज्यू, बेलारूसी, जर्मन. एकट्या ज्यूंची संख्या तीस लाखांवर होती. १२६४ च्या कालिश सनदेपासून पोलंड हा त्यांचा आसरा होता, पण दोन महायुद्धांमधल्या वर्षांत ज्यूद्वेषही वाढला. वॉर्सात जन्मलेला मॉरिस फ्रिडमन हा ज्यू इंजिनिअर याच काळात भारतात आला, औंध संस्थानच्या १९३९ च्या ग्रामस्वराज्याच्या घटनेत त्याने हातभार लावला आणि पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत उतरवली.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनी आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघ पोलंडवर चालून आले. पुढच्या सहा वर्षांत सुमारे साठ लाख पोलिश नागरिक मेले. त्यांतले निम्मे ज्यू होते. नाझींनी आपल्या मृत्युछावण्या याच भूमीवर उभारल्या, आणि म्हणून ‘पोलिश छावण्या’ असे कोणी लिहिले की पोल आजही खवळतात. सोव्हिएतांनी १९४० मध्ये कातिनसह अनेक ठिकाणी सुमारे २२,००० अधिकारी व प्रतिष्ठितांना गोळ्या घातल्या आणि तो दोष १९९० पर्यंत नाकारला. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्साने उठाव केला. तो ६३ दिवस चालला. त्यानंतर जर्मनांनी उरलेले शहर घरोघर सुरुंग लावून पाडले. युद्धानंतर जुने वॉर्सा पुन्हा उभारताना अठराव्या शतकातील चित्रकार बेल्लोत्तोच्या रंगचित्रांचाही आधार घेतला गेला. १९८० मध्ये युनेस्कोने या नव्याने बांधलेल्या ‘जुन्या’ शहराला जागतिक वारसा ठरवले.

१९४५ मध्ये देश अक्षरशः उचलून पश्चिमेला ठेवला गेला. ‘क्रेसी’ म्हणजे पूर्वेचा सीमाप्रदेश, ल्वूफ (आजचे ल्विव) आणि विल्नो (आजचे विल्नियस) या शहरांसह सोव्हिएत संघाकडे गेला. बदल्यात ओडर-नायसे नद्यांपर्यंतचा जर्मन मुलूख मिळाला. लाखो जर्मनांना हाकलले गेले, पूर्वेचे पोल मालगाड्यांतून त्यांच्या रिकाम्या घरांत आले. ल्वूफमधल्या कित्येकांना ब्रेस्लाउ हे जर्मन शहर मिळाले. ते आता व्रोत्सवाफ झाले. ल्वूफहून येताना ग्रंथालय आले, आणि राच्वावित्सेच्या लढाईचे ११४ मीटर लांबीचे वर्तुळाकार चित्रही गुंडाळून आले. प्रशियाच्या राजाचा पुतळा जिथे होता, त्या चौकात १९५६ पासून ल्वूफहून आणलेला नाटककार फ्रेद्रोचा पुतळा बसला आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे ‘विगिलिया’ला, पोलिश घरात टेबलावरच्या कापडाखाली थोडे गवत पसरतात, बारा मांसविरहित पदार्थ मांडतात आणि एक ताट जास्तीचे ठेवतात. ते अनाहूत पाहुण्यासाठी असते. पण ज्या घरात कोणी परतलेच नाही, तिथे त्या ताटाचा अर्थ वेगळा होता.

पुढील चार दशके कम्युनिस्ट राजवट होती. चर्चचे वजन टिकले, आणि १९७८ मध्ये क्राकुफचे कार्डिनल व्होइतिवा पोप (दुसरे जॉन पॉल) झाल्यावर ते वाढलेच. १९८० च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या गोदीतल्या संपातून ‘सोलिदार्नोश्च’ ही कामगार संघटना उभी राहिली. नेता लेख वाव्हेन्सा हा तिथला इलेक्ट्रिशियन. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागला, तरी ४ जून १९८९ च्या निवडणुकीत राजवट हरली. पोलंड १९९९ मध्ये नाटोत आणि २००४ मध्ये युरोपीय संघात गेला. एकेकाळचा बहुभाषी देश आज जवळजवळ एकजिनसी आहे. बाल्टिक किनाऱ्याकडचे काशुब, सिलेशियाचे खाणकामगार आणि तात्राचे ‘गुराले’ पहाडी यांचे वेगळेपण मात्र बोलीतून लगेच कळते. २०२२ नंतर युक्रेनहून लाखो लोक पोलंडमध्ये आले, आणि ल्वूफचे नाव स्थानकांवर पुन्हा ऐकू येऊ लागले, आता त्याच्या युक्रेनियन रूपात.

देशाबाहेरच्या पोलिश समाजाला ‘पोलोनिया’ म्हणतात. शिकागो हे त्याचे जुने केंद्र. या विखुरण्यातला एक अध्याय कोल्हापूरजवळ घडला. १९४०–४१ मध्ये सोव्हिएतांनी क्रेसीतून सायबेरिया-कझाकस्तानात धाडलेल्यांपैकी एक लाखाहून अधिक पोल १९४२ मध्ये जनरल आंदेर्सच्या पोलिश सैन्याबरोबर इराणात पोचले. पुरुष लढायला गेले. बायका-मुलांना आसरा हवा होता. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळच्या बालाचडीत अनाथ मुलांची सोय केली. वळिवडे येथे पंचगंगेच्या परिसरात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजारांची छावणी वसली. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटके, स्काउट पथके असे छोटे पोलंडच तेथे उभे राहिले. युद्ध संपले तेव्हा यांतल्या बहुतेकांची गावे सोव्हिएत हद्दीत गेलेली होती. परतायला देश होता, घर नव्हते. काही पोलंडला गेले, बरेच जण इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाला. कोल्हापुरात आणि वॉर्सात आता या छावणीची स्मारके आहेत. रिकाम्या झालेल्या बराकींत लगेच सिंधहून आलेली निर्वासित कुटुंबे राहायला आली. त्या वस्तीचे आज गांधीनगर झाले आहे, आणि लग्नसराईत कोल्हापूर-सांगलीकडची माणसे कापड घ्यायला तिथेच जातात.