पाने गळतात, दुखणे मुळाशी

लंडन-लिस्बनला राहणाऱ्या गोवेकर नातेवाइकांची डिसेंबरातली ठरलेली तक्रार: कुंडीतले लिंबू गारठू नये म्हणून घरात घेतले, उन्हाच्या खिडकीत ठेवले, तरी पाने गळाली. इकडे फोंड्या-म्हापशात तेच भर पावसात, चवथीच्या सुमारास घडते. तिकडे म्हणतात थंडी बाधली, इकडे म्हणतात दृष्ट लागली. (दृष्ट काढायला ज्याचे फळ लागते, त्याच झाडाला ती कशी लागावी?) खरे तर दोन्हीकडे मुळांनी पाणी ओढणे थांबवलेले असते.

मुळांच्या पेशींत पाणी बरेचसे शिरते ते अ‍ॅक्वापोरिन या प्रथिनांच्या सूक्ष्म नळ्यांतून, आणि या नळ्या मिटू शकतात. प्राणवायू हवेत पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट सावकाश तो पाण्यात पसरतो. कुंडीत पाणी तुंबले की मुळांचा श्वास कोंडतो, पेशीरस आम्लधर्मी होतो, अ‍ॅक्वापोरिनमधल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाला प्रोटॉन चिकटतो आणि नळी मिटते. कुंडीत पाणीच पाणी, झाड मात्र तहानलेले! थंडीत वाट वेगळी. माती १२-१३ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की लिंबूवर्गीय मुळांची वाढ जवळजवळ थांबते, पेशीपटले ताठरतात. शिवाय ५ अंशांच्या पाण्याची चिकटता २५ अंशांच्या पाण्याच्या सुमारे १.७ पट असते, म्हणजे ते ओढायलाही जड. वर ऊन खाणारी पाने बाष्प सोडतच राहतात. खर्च चालू, आवक बंद. मग झाड पानेच टाकते.

म्हणून थंड देशात पाने आणि मुळे दोन्ही गार, नाहीतर दोन्ही उबदार हवीत. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातली १६८४-८६ मधली ऑरेंजरी, म्हणजे संत्र्या-लिंबांच्या कुंड्या हिवाळ्यात ठेवायचे दालन, हीटरविना, जाड भिंती आणि दक्षिणेकडच्या तावदानांवर चालते. घरी ५ ते १० अंशांची खोली चालेल. थेट ऊन नको, पाणी वरची दोन इंच माती सुकल्यावरच. उबदार खोलीत ठेवायचे तर कुंडी गार फरशीवर नको, खाली थर्मोकोलचा जाड तुकडा हवा.

आपल्याकडे आधी फांदीची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवे असेल तर आशा आहे. कुंडीतून मातीचा गोळा काढा. काळी, कुजका वास येणारी, ओढताच साल निसटणारी मुळे कापा, पांढरट-पिवळसर ठेवा. उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच कुंडी घ्या. दोन भाग तांबडी माती, दोन भाग जाड रेती किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक भाग कुजलेले शेणखत. तळाला खडी मुळीच नको. बारीक मातीतले पाणी केशाकर्षणामुळे खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. चिखलाचा थर वर सरकून थेट मुळांना भिडतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो. कुंडी चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर, पावसाची धार लागणार नाही अशी ठेवा.

नवे कोंब फुटेपर्यंत युरिया दाखवूही नका. त्याने मातीतले द्रावण दाट होते आणि उरल्यासुरल्या मुळांना पाणी ओढणे आणखी जड जाते.