फाळके स्थळयात्रा, नाशिक

भारतीय चित्रपटनिर्मितीचे अध्वर्यू दादासाहेब (धुंडिराज गोविंद) फाळके (३० एप्रिल १८७० – १६ फेब्रुवारी १९४४) यांच्या जन्माशी, चित्रनिर्मितीशी आणि अखेरच्या वास्तव्याशी निगडित अशा नाशिक व त्र्यंबकेश्वर परिसरातील ठिकाणांची भ्रमंती. त्र्यंबकेश्वर हे जन्मगाव, जुन्या नाशिकचा गोदाकाठ, गोळे कॉलनी हा अखेरच्या घराचा भाग आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याचे स्मारक असा तिचा साधारण क्रम लागतो. यात्रा म्हटले तरी दर्शन घ्यावे अशी वास्तू मोजकीच आहे. फाळक्यांच्या नाशिकचा सर्वांत भक्कम पुरावा जमिनीवर नसून फिल्मच्या काही रिळांत आहे, आणि त्यांतील एका महत्त्वाच्या रिळाबद्दलच मतभेद आहे. त्यामुळे या नोंदीचा बराच भाग त्या रिळाला द्यावा लागतो.

एखाद्या कलावंताच्या किंवा कलावंतसमूहाच्या गावी जाऊन त्याचे घर, शाळा, पहिला रंगमंच पाहण्याची प्रथा जुनी आहे. तिला पर्यटनव्यवसायाचे रूप आल्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील लिव्हरपूल हे शहर, तेही बीटल्स या रॉक वाद्यवृंदामुळे. तेथे पॉल मॅकार्टनी यांचे फोर्थलिन रोडवरील घर नॅशनल ट्रस्टने १९९५ मध्ये घेतले आणि पुढे लोकांना खुले केले. जॉन लेनन वाढले ते ‘मेंडिप्स’ हे घर योको ओनो यांनी २००२ मध्ये विकत घेऊन त्याच संस्थेला दिले. पेनी लेन या रस्त्याच्या पाट्या चाहते इतक्या वेळा उचलून नेत, की ते नाव भिंतींवरच रंगवावे लागले. मॅथ्यू स्ट्रीटवरील कॅव्हर्न क्लब मात्र मूळचा नव्हे. तो १९७३ मध्ये बंद पडून पाडला गेला आणि १९८४ मध्ये जुन्या जागेच्या बऱ्याचशा भागावर, जुन्या विटा वापरून पुन्हा उभा राहिला. मूळ जागा, जुन्या सामग्रीतून झालेली पुनर्रचना आणि नुसते स्मारक अशा तीन पायऱ्या तिकडे सहज ओळखता येतात. नाशिकला पहिली पायरी त्र्यंबकेश्वरात व गोदाकाठी थोडीफार सापडते, तिसरी पांडवलेण्यांजवळ आहे, मधली नाही.

जन्मस्थान. फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, याबद्दल वाद नाही. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे जाणकार. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाची जागा मिळाल्यावर ते कुटुंबासह तिकडे गेले. धुंडिराजाचे कलाशिक्षण १८८५ पासून जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात झाले, म्हणजे जन्मगावाचा संबंध बालपणापुरताच. नाशिकपासून साधारण २८ किमी.वर ब्रह्मगिरीच्या कुशीतले हे गाव भाविकांनी कायम गजबजलेले असते. कुशावर्ताच्या पायऱ्यांवर नारायणनागबळीसाठी आलेल्यांच्या गर्दीत चित्रपटासाठी आलेला माणूस वेगळा ओळखू येत नाही, आणि विचारल्यावर उत्तर मिळते तेही बहुधा मंदिराच्या रांगेबद्दलच.

नाशिकला स्थलांतर. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत दादरच्या घरात व परिसरात तयार झाला. त्याचा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात आणि जाहीर खेळ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये झाला. (त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी दाखवलेला दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ पहिला मानावा, असे म्हणणारा पक्ष आहे. ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म लंडनमध्ये धुतली गेली, हे लक्षात घेता बहुतेक इतिहासकार पहिलेपणाचा मान फाळक्यांकडेच ठेवतात.) १९१३ च्याच उत्तरार्धात फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवले.

हलवण्याच्या कारणांत खर्चाची काटकसर आणि मूळ मुलखाची ओढ यांचा उल्लेख सर्वत्र येतो. त्याहून अधिक पटणारे कारण चित्रणाच्या गरजेतच आहे. त्या काळी त्यांचे काम सूर्यप्रकाशावर चाले. पौराणिक कथेसाठी नदी, घाट, देवळे, आश्रमाला शोभेल अशी झाडी आणि मागे डोंगर हवेत. दादरला हे पडद्यावर रंगवावे लागे आणि बाह्यचित्रणासाठी वांगणीसारख्या आडगावी जावे लागे. तेथे तलवारी घेतलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरच आल्याचे वाटले, ही हकीगत प्रसिद्धच आहे. नाशिकला घाट तयार होता, पंचवटी तयार होती, आणि धोतर-उपरण्यातले लोक पाहून कोणी दचकण्याचे कारण नव्हते.

नाशिकमधील पहिले मोठे चित्र ‘मोहिनी भस्मासुर’. ते काही याद्यांत १९१३ च्या अखेरीस, तर काहींत १९१४ च्या आरंभी घातलेले आढळते. चित्रणाचा काळ १९१३ चा शेवट आणि प्रदर्शन वर्षाच्या सांध्यावर, असे धरणे सोयीचे. दुर्गाबाई कामत (पार्वती) आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले (मोहिनी), या दोघी त्यात पडद्यावर आल्या. ‘हरिश्चंद्रा’त तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती आणि उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके यांना ती भूमिका करावी लागली होती. भारतीय चित्रपटात स्त्रियांनी प्रथम काम केले ते नाशिकच्या चित्रात, ही बाब स्थळयात्रेच्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाची असूनही तिच्या नावाचा दगड कुठेही दिसत नाही. ‘सत्यवान सावित्री’ १९१४ चा. लघुपटांच्या याद्यांत ‘पिठाचे पंजे’, नाशिक-त्र्यंबकचे देखावे व सिंहस्थ पर्वणी अशीही नावे येतात. सिंहस्थाचे चित्रण १९२०–२१ च्या पर्वणीचे असावे.

उरलेल्या प्रतीचा प्रश्न. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जी रिळे जपली आहेत, ती १९१३ चीच, असे दीर्घकाळ गृहीत धरले जात होते. मूळ चित्र चार रिळांचे, सुमारे ३,७०० फूट लांबीचे. उपलब्ध भाग पहिल्या व शेवटच्या रिळाचा, सुमारे १,४७५ फूट. आता फाळक्यांनी हाच विषय १९१७ मध्ये ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केला होता. पहिली प्रत बैलगाडीतून एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना उन्हाने पेटली म्हणून हे करावे लागले, असे सांगतात. त्या काळच्या नायट्रेट फिल्मचा सहज पेट घेण्याचा स्वभाव पाहता हे अशक्य नाही, पण एक प्रत जळाल्याने निगेटिव्ह (जिच्यावरून प्रती काढतात ती मूळ फिल्म) कसे संपेल हा प्रश्न राहतोच. एकाच निगेटिव्हवरून पुढे इतक्या प्रती काढल्या गेल्या की ते झिजले असावे, हे कारणही तितकेच संभवते. उपलब्ध रिळे या १९१७ च्या आवृत्तीची आहेत, असे मत अलीकडच्या अनेक अभ्यासकांनी मांडले आहे, आणि त्याचे वजन वाढत गेले आहे.

नाशिकच्या दृष्टीने हा वाद केवळ सनावळीचा नाही. जुने मत धरले तर त्या रिळांतील झाडी, पाणी व मोकळी जागा मुंबई व तिच्या आसपासची. नवे मत धरले तर फाळक्यांचा मुक्काम तेव्हा नाशिकला असल्याने तीच दृश्ये नाशिकची ठरतात. हौदात स्नान करणाऱ्या स्त्रियांचे प्रसिद्ध दृश्य घ्या. ओल्या लुगड्यांतली सगळी पात्रे पुरुष आहेत, अंगावर पाणी उडवताना त्यांचा संकोच सुटलेला दिसतो, आणि राजा आत येतो तेव्हा कॅमेरा जागचा हलत नाही. हा हौद आज कोणत्याच शहरात दाखवता येत नाही. तरीही यात्रेला निघण्याआधी ही रिळे पाहून घेणे, हे कोणत्याही नकाशापेक्षा अधिक उपयोगी आहे. १९१७ च्याच सुमारास ‘चित्रपट कसा तयार करतात’ हा लघुपट निघाला. त्याचा तुटक भाग उरला असून त्यात खुद्द फाळके नटांकडून तालीम करून घेताना आणि फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना दिसतात. नाशिकच्या कारखान्यातले काम प्रत्यक्ष दाखवणारे याहून जवळचे साधन नाही. याच वर्षापासून ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. तिच्यातून मुंबईतल्या धडपडीची हकीगत कळते, नाशिकविषयी तीत तुलनेने कमी आहे.

‘लंकादहन’ (१९१७) हे नाशिककरांनी आपले म्हणावे असे चित्र. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. रामायणातला पंचवटीचा वाटा नाक कापण्याचा आणि हरणाचा. पंचवटीच्या दारात राहून फाळक्यांनी नाव दिले ते मात्र लंकेचे.

हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदींच्या भागीदारीत ही कंपनी १९१८ च्या आरंभी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालियामर्दन’ (१९१९) ही तिची सुरुवातीची चित्रे. दुसऱ्यात कृष्ण झाली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी ही सात वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक मुद्राभिनय करून दाखवते, आणि मग तिच्याच चेहऱ्यातून कृष्ण उमटतो. या चित्राचा मोठा भाग सुदैवाने टिकला आहे. कंपनीच्या आवारात नट, सुतार, रंगारी, कॅमेरेवाले असे शंभराच्या आसपास लोक एकत्र राहत, वाचनालय आणि छोटे प्राणिसंग्रहालयही होते, असे वर्णन आढळते. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई मुंबईपासूनच करीत आल्या होत्या आणि मंडळींच्या जेवणाखाण्याचा भारही त्यांच्यावरच होता. भागीदारांशी न जमल्याने फाळके काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि १९२२ च्या सुमारास परतले. बोलपटांच्या लाटेत ही कंपनी टिकली नाही.

अखेरचे घर. कोल्हापूर सिनेटोन या चित्रसंस्थेसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हे फाळक्यांचे शेवटचे चित्र आणि एकमेव बोलपट. त्यानंतर ते नाशिकला स्थिरावले. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी निधी जमवला गेला, आणि गोळे कॉलनीतल्या घराला त्याचा हातभार लागला असे सांगितले जाते. घर त्याआधीच, १९३८ च्या सुमारास झाले होते असेही एक मत आहे. घराचे नाव ‘हिंद सिनेजनकाश्रम’. तोरणे यांचा पक्ष घेणाऱ्यांना यातला ‘जनक’ खटकला तर नवल नाही. येथेच फाळक्यांचे शेवटचे दिवस गेले. आज गोळे कॉलनी म्हणजे नाशिकचा औषधांचा घाऊक बाजार. दुचाकीवर पुढे-मागे खोकी बांधलेली पोरे, अरुंद गल्लीत उलट्या येणाऱ्या रिक्षा आणि दुकानांच्या पाट्यांची दाटी यांतून फाळक्यांची जागा विचारत गेले, तर एखादे वयस्कर दुकानदार हात दाखवतात. तरुण विक्रेते मोबाइल काढतात.

फाळके स्मारक. मुंबई–आग्रा महामार्गालगत, पांडवलेण्यांच्या (त्रिरश्मी लेणी) पायथ्याशी नाशिक महानगरपालिकेने विसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे २९ एकरांवर उभारलेले. बाग, कारंजी, सभागृह व फाळक्यांच्या कार्याची माहिती असे त्याचे स्वरूप. शेजारी बुद्धविहार, वर लेणी. त्यामुळे सहलीच्या बस येथे थांबतात आणि बहुसंख्य नाशिककरांच्या मनात ‘फाळके’ हे नाव या बागेशीच जोडलेले आहे. फाळक्यांच्या आयुष्यातला कोणताही प्रसंग या जागेवर घडलेला नाही. लेण्यांतील क्षत्रप राजा नहपान व सातवाहन यांच्या काळातले शिलालेख पाहायला आलेल्या अभ्यासकाला खाली उतरल्यावर अर्धा तास पुरतो.

संलग्न स्थळे. फाळक्यांच्या यात्रेला जोडून नाशिकच्या इतर कलावंतांची ठिकाणेही पाहिली जातात. गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी मुंबईची इमारत कर्जापायी हातची गेल्यावर नाशिकला रामनाम आधाराश्रम स्थापन केला. त्यांचे पुत्र व ख्यातनाम गायक द. वि. पलुसकर (१९२१–५५) यांचा जन्म नाशिकचा मानतात, क्वचित कुरुंदवाडही दिले जाते. टिळकवाडीतील कुसुमाग्रजांचे (वि. वा. शिरवाडकर, १९१२–९९) निवासस्थान प्रतिष्ठानमुळे नीट जपले गेले आहे आणि २७ फेब्रुवारीला तेथे वर्दळ असते. चित्रपटाच्या बाजूने पाहता या घराचा धागा फाळक्यांच्या काळाला भिडतो. १९३६ मध्ये तरुण शिरवाडकर नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये दाखल झाले, ‘सती सुलोचना’ची पटकथा त्यांनी लिहिली आणि लक्ष्मणाची भूमिकाही केली.