साइटिस परवाना: अर्ज नेमका कुठे अडतो?

वर्षावनातलं लाकूड, ऑर्किड किंवा पोपट सीमेपलीकडे न्यायचा असेल, तर साइटिस कराराखाली अनेकदा परवाना लागतो; धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा हा करार १९७५ पासून लागू आहे. फॉर्म भरणं, शुल्क भरणं यात काही अवघड नाही. अर्ज फेटाळले जातात ते इतर कारणांनी.

पहिलं म्हणजे नाव. नुसतं ‘रोझवुड’ लिहू नका, शास्त्रीय नाव द्या. ब्राझीलचं रोझवुड, म्हणजे डालबर्जिया नायग्रा, १९९२ पासून परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे कराराच्या सगळ्यात कडक यादीत आहे. डालबर्जियाच्या बाकी प्रजाती परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे त्याहून सैल यादीत. परिशिष्ट २ ला निर्यात परवाना पुरतो. परिशिष्ट १ ला आयात परवानाही लागतो, आणि तो आधी हातात हवा. बरेच जण नेमकं उलट करतात आणि महिने घालवून बसतात.

सगळ्यात जास्त रडवतो तो उगमाचा पुरावा. आफ्रिकन ग्रे पोपट २०१७ पासून परिशिष्ट १ मध्ये आहे. दुकानाची पावती दाखवून भागत नाही. पावतीवरून खरेदी कळते, पिल्लू जंगलातलं की पिंजऱ्यात जन्मलेलं हे कळत नाही. म्हणून प्रजननकर्त्याचा दाखला आणि पायातल्या बंद कड्याचा क्रमांक मागतात. हे कडं पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात सरकवता येतं, मोठ्या पक्ष्याच्या पायात ते जातच नाही. वर्षानुवर्षं सांभाळलेल्या पक्ष्याचा कागद आज कुठून आणायचा, याचं उत्तर खिडकीवर मिळत नाही. तेव्हा पक्षी घेतानाच कागद मागून ठेवा.

मग मुदत. निर्यात परवाना दिल्याच्या तारखेपासून जास्तीत जास्त सहा महिने चालतो, माल निघाल्यापासून नव्हे. त्या मुदतीतच तो आयात करणाऱ्या देशात सादर व्हायला हवा. जहाज वाटेत रखडलं तरी तारीख वाढवून मिळेल, या भरवशावर राहू नका. माल आधी पाठवून परवाना नंतर काढू, हेही सहसा चालत नाही.

एक सवलत मात्र फार जणांना ठाऊक नसते: परिशिष्ट २ मधल्या डालबर्जियाचं तयार वाद्य असेल, तर २०१९ पासून साइटिस परवाना लागत नाही. ब्राझीलच्या रोझवुडला ही सूट नाही. शिवाय एखाद्या देशाचा स्वतःचा कायदा याहून कडक असू शकतो, तो तिकीट काढण्याआधी तपासा. परवाना असेल तर मूळ प्रत सोबत ठेवा आणि कस्टम्सचा शिक्का त्याच प्रतीवर घ्या.