विनाशुल्क शिकलेल्यांची आठवण: कूपर युनियनची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या कूपर युनियन कॉलेजसमोरच्या चौकात संस्थापक पीटर कूपर यांचा बसलेला पुतळा आहे. तो 1897 मध्ये बसवला गेला. घडवणारे ऑगस्टस सेंट-गॉडन्स हे याच संस्थेचे विद्यार्थी. जोडे शिवणाऱ्याचा हा मुलगा लहान वयातच कॅमिओ (दगड-शिंपल्यावरची उठावाची छोटी चित्रं) कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. दिवसभर काम करायचं आणि रात्री इथे चित्रकला शिकायची, असा त्याचा क्रम होता. या कॉलेजात दिवंगत माजी विद्यार्थ्यांबद्दल इतक्या जिव्हाळ्याने का बोललं जातं, ते या एका नात्यावरून कळतं.

कूपर यांना शाळेचं एक वर्षही धड मिळालं नव्हतं. सरसाच्या कारखान्यात त्यांनी पैसा कमावला, 1830 मध्ये वाफेचं रेल्वे इंजिनही बनवलं. आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनंतर दोनच वर्षांनी, 1859 मध्ये, त्यांनी ही संस्था उघडली. कामगारांसाठी रात्रीचे वर्ग होते, स्त्रियांना प्रवेश होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तर कला, वास्तुकला, अभियांत्रिकी यांपैकी काहीही शिका, शुल्क नव्हतं. गुणवत्तेवर प्रवेश मिळाला की पुरे. मॅनहॅटनमधल्या क्रायसलर या प्रसिद्ध गगनचुंबी इमारतीखालची जमीन संस्थेच्या मालकीची, तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार असे.

म्हणूनच इथल्या दिवंगतांमध्ये स्थलांतरितांची मुलं इतकी दिसतात. ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझर हंगेरीहून आलेल्या आईबापांचा मुलगा, 1951 चा पदवीधर. शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून सावरत असताना लाल हृदयाचं ते जगप्रसिद्ध ‘आय लव्ह न्यूयॉर्क’ चिन्ह त्यांनी मानधन न घेता करून दिलं. 26 जून 2020 रोजी, आपल्या 91 व्या वाढदिवशी, ते गेले. फुकट शिकलेल्या माणसाने शहराला दिलेली ही भेट मला त्यांच्या इतर सगळ्या कामाहून मोठी वाटते.

शिल्पकार इव्हा हेस हिची गोष्ट अधिक चटका लावणारी. हॅम्बुर्गमधल्या ज्यू कुटुंबातली ही मुलगी नाझींच्या तावडीतून लहानपणीच निसटली आणि 1954 ते 1957 इथे शिकली. 1970 मध्ये मेंदूतल्या गाठीने चौतिसाव्या वर्षी गेली. तिने शिल्पांसाठी वापरलेलं लॅटेक्स, म्हणजे द्रवरूप रबर, सुकल्यावर काळानुसार कडक, ठिसूळ होतं, रंग बदलतं. ती शिल्पं जपायची कशी, हा संग्रहालयांपुढे आजही प्रश्न आहे. तिची आठवण ठेवायची म्हणजे ते झिजणारं साहित्य समजून घ्यायला हवं. नुसता फोटो लावून भागत नाही.

स्मरणाच्या इतर खुणा इमारतीतच आहेत. वास्तुकला विभागाला अर्विन चॅनिन यांचं नाव आहे. ते इथेच अभियांत्रिकी शिकले आणि मॅनहॅटनमध्ये उंच इमारती उभारल्या. अक्षररचनाकार हर्ब लुबालिन 1981 मध्ये गेल्यावर चार वर्षांनी त्यांच्या नावाचं अभ्यासकेंद्र सुरू झालं. जॉन हेडक इथेच शिकले, पुढे वास्तुकला विभागाचे अधिष्ठाता झाले, आणि 1970 च्या दशकात जुन्या इमारतीचा अंतर्भाग त्यांनीच नव्याने रचला.

2014 मध्ये नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू झालं. त्याआधी विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयात आठवडेच्या आठवडे ठाण मांडलं होतं, नंतर प्रकरण न्यायालयातही गेलं. तेव्हापासून दिवंगतांची नावं घेताना ‘हे फुकट शिकले होते’ हे आवर्जून सांगणं मला गरजेचं वाटतं. 2018 मध्ये संस्थेने दहा वर्षांत पुन्हा पूर्ण विनाशुल्क होण्याची योजना स्वीकारली. 2024 मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं शुल्क माफ झालं, तेही माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून.