शेकोटी पेटवा, पण धुरासाठी नव्हे

निफाडचा पारा ५ अंशांखाली गेला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. त्यात मुद्दाम ओला पालापाचोळा टाकतात. कारण ऐकीव: ‘धुराची चादर पसरली की थंडी खाली उतरत नाही.’

मुळात थंडी वरून उतरत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पानं स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडतात आणि गार पडतात. ही उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींच्या रूपात जाते, साधारण १० मायक्रॉन लांबीच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). धुराचे बहुतेक कण १ मायक्रॉनहूनही बारीक. त्यांना या लहरी अडवणं जमत नाही; चाळणीनं पाणी अडवण्यातला प्रकार! उलट, सकाळी तोच धूर कोवळं ऊन अडवतो आणि बाग उशिरा तापते. डोळे चुरचुरतात ते वेगळंच.

मग शेकोटीनं फरक पडतो तो कशानं? जाळानं. अशा रात्री वरची हवा खालच्यापेक्षा उबदार असते. लहान जाळाची ऊब थोडी वर जाऊन तिथंच पसरते, हवा घुसळली जाते. एकच मोठी होळी केलीत तर ऊब थेट वर निघून जाते. म्हणून कोरड्या लाकडाच्या लहान लहान शेकोट्या, वेलींपासून अंतर राखून.

त्याहून सोपं म्हणजे बागेला पाणी देणं. पहाटे विहिरीत हात घालून बघा, कोमट लागतं. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते. मात्र मणी पक्व होत आले असतील तर बेतानं, नाहीतर ते तडकतात.