नारूची साखळी कोणी तोडली?

साथीच्या रोगाची बातमी आली की चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते: लस कधी येणार आणि औषध कोणते. देवी आणि पोलिओ या दोन्ही रोगांविरुद्धच्या मोहिमा लसीच्या बळावर यशस्वी झाल्या, त्यामुळे ही समजूत रुजणे स्वाभाविक आहे. परंतु देवीच्या नंतर आणि पोलिओच्या आधी भारतातून आणखी एक रोग हद्दपार झाला. त्याच्यावर तेव्हा लस नव्हती, आजही नाही. शरीरातील जंत मारणारे खात्रीचे औषधही नाही. तो रोग म्हणजे नारू. १९८४ साली देशात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले होते आणि बाधित राज्यांत राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र प्रदेश, कर्नाटक यांच्याबरोबर महाराष्ट्रही होता. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

हे कसे घडले हे समजण्यासाठी या जंताचे जीवनचक्र बारकाईने पाहावे लागते, आणि ते आहेही पाहण्यासारखे. नारूची मादी पूर्ण वाढली की ६० सेंटिमीटर ते एक मीटर लांब होते. दिसायला ती शिजवलेल्या शेवईसारखी पांढरी आणि बारीक असते. संसर्ग झाल्यापासून सुमारे वर्षभराने ती त्वचेखाली, बहुधा गुडघ्याखालच्या भागात येते आणि तेथे आग होणारा फोड उठतो. रुग्ण आराम मिळावा म्हणून पाय गार पाण्यात बुडवतो, आणि मादीला नेमके हेच हवे असते. पाण्याचा स्पर्श होताच तिचे तोंडाकडचे टोक फोडातून बाहेर येते आणि दुधट द्रवातून लाखो अळ्या पाण्यात सोडल्या जातात.

या अळ्या थेट माणसाच्या पोटात गेल्या तर काहीही होत नाही. त्यांना आधी सायक्लॉप्स या कोळंबी-खेकड्यांच्या कुळातील, एक-दोन मिलिमीटर आकाराच्या जीवाने गिळावे लागते. पाण्यात मोकळ्या राहिलेल्या अळ्या काही दिवसांतच मरतात. सायक्लॉप्सच्या शरीरात मात्र सुमारे दोन आठवड्यांत दोनदा कात टाकून त्या संसर्गक्षम होतात. असे पाणी कोणी प्यायले की जठरातील आम्ल सायक्लॉप्सला मारते, अळी सुटते, आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते, तेथे नर-मादीचा संयोग होतो, नर मरतो आणि मादी पुढील कित्येक महिने शांतपणे वाढत राहते. प्यायलेले पाणी आणि उठलेला फोड यांत वर्षाचे अंतर पडल्यामुळेच पायातून निघणारा हा जीव म्हणजे दैवी कोप आहे असे लोकांना वाटत राहिले, आणि उतारे व गंडेदोरे करणाऱ्यांचे चांगले फावले. वैद्यकाचे चिन्ह असलेला काठीभोवतीचा साप म्हणजे मुळात काडीवर गुंडाळलेला नारूच, ही गोष्टही हल्ली विज्ञानाच्या नावाखाली ठामपणे सांगितली जाते. तिला अंदाजापलीकडे आधार नाही. काडीवर गुंडाळण्याची रीत मात्र खरी आहे: जंत रोज काही सेंटिमीटरच ओढायचा, कारण तो आत तुटला तर भयंकर सूज येते.

आता या चक्रातील कच्चे दुवे पाहिले, तर प्रत्येक दुवा समाजातील वेगळ्या गटाच्या हाती होता असे दिसते. सायक्लॉप्स नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका मोठा असल्यामुळे दुहेरी फडक्यातून किंवा बारीक नायलॉनच्या जाळीतून पाणी गाळले की तो अडकतो. हे काम घागर भरणाऱ्या बाईचे होते, आणि ते रोज, एकही खेप न चुकवता करावे लागे. राजस्थानातील बांसवाडा, डुंगरपूर आणि उदयपूर या आदिवासीबहुल जिल्ह्यांत गावातील स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले गेले. पाय पाण्यात बुडू नये यासाठी पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून पाणी दोरीने शेंदण्याची सोय करणे हे बांधकाम खात्याचे आणि गवंड्यांचे काम होते. हातपंप बसवणे आणि चालू ठेवणे यांत्रिकांकडे होते. ‘इंडिया मार्क टू’ हा देशभर पोहोचलेला हापसा सोलापूरला तयार झालेल्या पंपाच्या धर्तीवर घडवला गेला, हे महाराष्ट्राचे योगदान सहसा कोणी सांगत नाही.

आरोग्य कर्मचाऱ्याच्या वाट्याला थोडे गणितही येई. सायक्लॉप्स मारण्यासाठी टेमेफॉस हे रसायन लिटरमागे एक मिलिग्रॅम या प्रमाणात टाकायचे असते. समजा गोल विहिरीचा व्यास ६ मीटर आणि पाण्याची खोली २ मीटर आहे. त्रिज्येचा वर्ग ९, त्याला π (सुमारे ३.१४) आणि खोलीने गुणले की सुमारे ५६.५ घनमीटर, म्हणजे ५६,५०० लिटर पाणी भरते. त्यासाठी ५६.५ ग्रॅम टेमेफॉस लागेल, आणि दर लिटरमध्ये ५०० ग्रॅम टेमेफॉस असलेले द्रावण हाताशी असेल तर त्याचे ११३ मिलिलिटर मोजून घ्यावे लागतील. पाणी आटले किंवा वाढले की हिशेब पुन्हा करायचा, आणि रसायनाचा प्रभाव ओसरत असल्यामुळे साधारण चार आठवड्यांनी पुन्हा विहिरीवर जायचे.

मोहीम संपत आली तेव्हा सर्वांत अवघड काम उरले ते रुग्ण शोधण्याचे. हजारो रुग्ण असताना ते आपोआप दिसतात. दहा उरले की घरोघर फिरून, जंताचे चित्र दाखवून विचारावे लागते. रुग्णाची खबर देणाऱ्याला रोख बक्षीस ठेवले गेले ते याचसाठी. पुढे सलग तीन वर्षे एकही रुग्ण न सापडल्यावरच प्रमाणपत्र मिळते, आणि ही तीन वर्षे शोध तितक्याच कसोशीने चालू ठेवावा लागतो.

१९८६ साली जगात नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते असा अंदाज आहे. २०२४ साली मानवी रुग्णांची संख्या १५ होती. तरीही रोग संपलेला नाही, कारण आफ्रिकेतील चाड या देशात २०१२पासून कुत्र्यांमध्येही नारू आढळू लागला आणि आता दरवर्षी शेकडो प्राणी बाधित सापडतात. नदीकाठी मासे साफ करताना फेकलेली आतडी खाऊन कुत्र्यांना संसर्ग होत असावा, असे मानले जाते. त्यामुळे तेथील मोहिमेत आता मासे साफ करणाऱ्यांना आतडी पुरायला सांगितले जाते, आणि जंत बाहेर येईपर्यंत कुत्रा पाण्यापासून दूर बांधून ठेवणाऱ्या मालकाला मोबदला दिला जातो.