सुपर मारिओ ब्रदर्स वंडर

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २० ऑक्टोबर २०२३ रोजी स्विच या कन्सोलसाठी आणलेला व्हिडिओ गेम. पडदा बाजूला सरकत राहतो आणि मारिओ धावत, उड्या मारत उजवीकडे जातो, ही १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची रीत या खेळाने नव्या जोमाने परत आणली. पहिल्या दोन आठवड्यांतच त्याच्या सुमारे ४३ लाख प्रती खपल्या.

ठाणे आणि नवी मुंबईत १९९० च्या दशकात वाढलेल्यांना मूळ खेळ 'मारिओ' एवढ्याच नावाने माहीत असतो. इथल्या बहुतेक घरांत तो आला नकली यंत्रांवरून. टीव्हीला जोडायच्या त्या डब्याला 'टीव्ही गेम' म्हणत आणि त्यात खोचायच्या पेटीला 'कॅसेट'. कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेले असे. आत मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. वर्तकनगरच्या इमारती असोत की वाशी-नेरूळची सिडकोची घरे, मे महिन्याच्या सुट्टीत ज्याच्याकडे टीव्ही गेम त्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. शत्रूंची नावे कोणाला ठाऊक नव्हती. कूपा हे 'कासव', बाउझर हा 'ड्रॅगन', टप्पा म्हणजे 'स्टेज' आणि पाळी म्हणजे 'चान्स'. खेळ सुरू झाला नाही तर कॅसेट काढून तिला फुंकर मारायची. खरा उपयोग होई तो कॅसेट पुन्हा नीट बसवण्याचा. तोंडातल्या वाफेने पिना उलट गंजत. प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. वीज गेली किंवा घरातल्या मोठ्यांची बातम्यांची वेळ झाली, की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या स्टेजपासून.

तो मूळ खेळ शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे. त्याची खरी ताकद लपवलेल्या गोष्टींत होती. दुसऱ्या स्टेजमध्ये छताच्या विटांवरून चालत गेले, की थेट पुढच्या जगांत नेणारे पाइप सापडतात. हे एकाला कळले की दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळलेले असे.

पुनरुज्जीवनाचा पहिला प्रयत्न २००६ चा. 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स' हा निन्टेन्डोच्या डीएस या हातात धरायच्या यंत्रावरचा खेळ तीन कोटींहून अधिक खपला आणि २०१२ पर्यंत त्याच धाटणीचे आणखी तीन खेळ आले. खेळ नेटके होते, पण नव्या पाइपात शिरताना पुढे काय असेल याचा अंदाज आधीच येऊ लागला. पुनरुज्जीवनात हीच खरी अडचण असते: ओळखीचे ते सगळे परत आणता येते, पहिल्यांदा दचकलो होतो ते मात्र आपोआप परत येत नाही.

'वंडर'चे दिग्दर्शक शिरो मोरी यांच्या चमूने सुरुवातीच्या प्रयोगांसाठी मुदतच ठेवली नाही. सर्वांकडून चिठ्ठ्यांवर कल्पना मागवल्या. त्या दोन हजारांहून अधिक जमल्या. निर्माते तेझुकाच होते. खेळाडूला दुसरीकडे नेण्यापेक्षा तो आहे तीच जागा का बदलू नये, हा विचार त्यांच्याशी झालेल्या चर्चेतून पुढे आला, आणि त्यातून 'वंडर फूल' जन्मले. त्याला हात लागताच पहिल्याच टप्प्यातले हिरवे पाइप अळीसारखे सरपटू लागतात. चावऱ्या रोपांची गात-नाचत मिरवणूक निघते. एका टप्प्यात अंगावर जनावरांचा कळप धावून येतो आणि त्याच्या पाठीवर बसून पुढे जायचे असते. ज्या पाइपांना चाळीस वर्षे आपण निर्जीव समजलो ते हलताना पाहून जुन्या खेळाडूला जो आनंद होतो, तो नव्या खेळाडूहून वेगळा आणि कदाचित अधिक असतो. एक फळ खाल्ले की मारिओचा हत्ती होतो; सोंडेत पाणी भरून ते फवारता येते.

वेळेचे उलटे घड्याळ आणि गुणांची मोजणी काढून टाकली आहे. एका पडद्यावर चौघे खेळू शकतात. आधीच्या खेळांत ते एकमेकांना धडकून खड्ड्यात पाडत; इथे तसे होत नाही. योशी किंवा नॅबिट हे पात्र निवडले तर शत्रूचा धक्का लागून इजा होत नाही, त्यामुळे बालवाडीतले मूलही आईबाबांबरोबर खेळायला बसते.

निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. ठाणेकरांना तो आयात माल ठेवणाऱ्या दुकानांतून, ऑनलाइन, लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, नाहीतर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून मिळवावा लागतो. त्यात खोचायची खेळाची पेटी टपाल तिकिटाएवढी असते. नव्वदच्या दशकात वाढलेले पालक तिलाही सवयीने कॅसेटच म्हणतात. लहान मुलांनी ती गिळू नये म्हणून तिच्यावर डिनॅटोनियम बेंझोएट या अत्यंत कडू रसायनाचा लेप दिलेला असतो.